मॉरिसचा घरजावई

"गाडीले इंजिन पाहणं म्हणजे घरजावई पाहणं होय, थोडा कमी शिकला असन तरी चालते, पण घरात मावला पाह्यजे."

हे वाक्य शालिकराम बोरकुटे एकदा गांधीबागेत कापडाच्या गठ्ठ्यावर बसून, कोणी काही विचारलं नसताना बोलला होता. ऐकणारे दोनच. एक, तो गठ्ठा उचलायला आलेला हमाल. दुसरी, जेवणाचा डबा घेऊन आलेली त्याची बायको जयवंता. हमाल म्हणाला, "उठा जरा, मालक." जयवंतेनं डबा खाली ठेवला आणि ओळखलं की आता घरात इंजिन येणार.

शालिकराम कापडाचा दलाल होता. कापड त्याचं नसे, दुकान त्याचं नसे, गिऱ्हाईकही त्याचं नसे. या तिघांच्या मधली रिकामी जागा तेवढी त्याची, आणि ती तो बोलून भरून काढी. दात घासताना बोले, जेवताना बोले, झोपेतही बोले. झोपेत तो जागेपणापेक्षा स्वस्त भाव सांगतो, असं जयवंता म्हणायची, आणि एखाद्या व्यापाऱ्याला हे कळलं तर तो रात्री उशाशी येऊन बसेल अशी तिला भीती वाटे.

सक्करदऱ्याच्या त्यांच्या अंगणात एक काळी मॉरिस उभी होती. शालिकरामच्या वडिलांनी, रुपरावांनी, ती सावनेरकडच्या खाणीतून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. साहेब गेला, रुपराव गेले, गाडी राहिली. पुढे एकदा कळमेश्वरहून येताना तिच्यातलं पाणी संपलं. इंजिनावरच्या टोपणाखालून वाफ निघत होती, पण शालिकराम शेजारी बसलेल्या व्यापाऱ्याला कोसा आणि रेशीम यांतला फरक समजावत होता. फरक संपायच्या आत इंजिन संपलं. त्याच्या पोटात उभी चीर गेली. लोकांनी गाडी ढकलत घरी आणली आणि पुढची भिंत लागेपर्यंत ढकलतच ठेवली. तेव्हापासून ती तशीच होती, तोंड भिंतीकडे, पाठ फाटकाकडे, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखी. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. पावसाळ्यात तिच्या आत बाहेरच्यापेक्षा निराळा पाऊस पडे, जरा उशिरा आणि जरा तपकिरी.

इंजिन गेलं त्या आठवड्यात शालिकराम बोलायचा थांबला होता. जयवंतेला तो आठवडा विसरता येत नसे. घराची एक भिंत कोणी उचलून नेली आहे आणि तिकडून आभाळ आत येतं आहे, असं तिला होई. जेवताना घास त्याच्या घशाखाली उतरलेला ऐकू यायचा. शेवटी तिनं मुद्दाम भाजीत मीठ ओतलं. त्यानं ती भाजी खाल्ली, हात धुतले आणि खाटेवर जाऊन बसला. तेव्हा ती खरी घाबरली. पुढे शेजारच्या प्रयागबाईनं सहज लट्ठ्याचा भाव विचारला आणि तो पुन्हा सुरू झाला. प्रयागबाईला त्या दिवशी घरी जायला संध्याकाळ झाली. जयवंतेनं तिला वाटीभर तूप दिलं.

म्हणून जेव्हा गोपाळरावांनी फर्मान काढलं, तेव्हा अंगणातल्या सगळ्यांआधी जयवंतेला तोच आठवडा आठवला.

गोपाळराव म्हणजे शालिकरामचे थोरले भाऊ, जयवंतेचे भासरे. जन्मभर कोर्टात पुकारा करून ते घरी बसले होते. अंगण दोघा भावांचं सामाईक. गोपाळरावांना गाडीच्या जागेवर सुनेसाठी खोली काढायची होती. ओट्यावर बसून त्यांनी पान लावलं, चुना नीट पसरला आणि म्हणाले, "शालिक, पोळा फुटायच्या आत हे गाडी आपल्या पायानं फाटकाबाहेर निघाली, तं गाडी तुही. मंग अंगणात ठेव का माडीवर ठेव, मी खोली मागं काढतो. नाही निघाली, तं दुसऱ्या दिवशी गावची इडापिडा घेऊन मारबत निघते तिच्या मागं भंगारवाला येईन."

"आपल्या पायानं म्हणजे कसं, भाऊ?"

"आपल्या इंजिनानं. धक्का मारायचा नाही, बैल जुंपायचे नाहीत."

भासऱ्याशी तोंडातोंडी बोलायची रीत नव्हती. जयवंतेनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती मॉरिसकडे वळली. भासऱ्यांना काही सांगायचं असलं की ती मॉरिसला सांगे. पूर्वी गाईला सांगायची, पण गाय विकली होती.

"ऐकलं का वं, मॉरिसबाई?" ती म्हणाली. "पोळा तोंडावर आला. मोठ्या माणसायनं दिवाळीपर्यंत मुदत दिली असती तं काय झालं असतं, म्हणते मी."

गोपाळरावांनीही मॉरिसकडेच पाहिलं. "मॉरिसले सांगा," ते म्हणाले, "तारीख वाढणार नाही."

त्या वर्षी पेट्रोलचे भाव असे चढले होते की पंपावरचा माणूस पैसे घेताना गिऱ्हाइकाकडे दुखवट्याला आल्यासारखा बघे. शालिकरामकडे तर पेट्रोलचेही पैसे नव्हते आणि इंजिनाचेही. दलालाच्या घरी कापडाचे तुकडे असतात, चहा असतो आणि ओळखी असतात. या तिन्हींवर जमेल असं स्थळ त्याला शोधायचं होतं. तो रोज नवं इंजिन पाहून यायचा आणि रात्री जयवंतेला अहवाल द्यायचा. एका टॅक्सीवाल्याकडे अँबॅसेडरचं होतं. "चांगल्या घरचं आहे, पण हुंडा लय मागून राह्यले." कामठीला लिलावात जीपचं निघालं होतं. "फौजी आहे वं. आपल्या घरात आला तं दारं-खिडक्या काढून फेकीन." इतवारीत कोणाकडे स्कूटरचं होतं. "पोरगं वयानं लहान आहे. त्याच्यावर एवढा संसार टाकणं बरं नाही."

"आणि तुमी सांगून राह्यले ते ऐकून घेणारं एखादं पाहा," जयवंता म्हणाली. "तुमच्यापेक्षा आवाज मोठा असन असं."

मग एक दिवस गांधीबागेत सावनेरचे बाबाराव आले. त्यांची संत्र्यांची बाग. विहिरीवर नुकतीच बिजलीची मोटार बसली होती आणि जुनं डिझेलचं पंप-इंजिन गोठ्यात बसून होतं. बाबारावांच्या घरी दिवाळीनंतर लग्न होतं आणि त्यांना कापड पाहिजे होतं. शालिकरामनं त्यांना चहा पाजला आणि इंजिनाचं वय, वागणूक आणि सवयी विचारून घेतल्या.

"दारू?" त्यानं विचारलं.

"डिझल पिते," बाबाराव गंभीरपणे म्हणाले. "तेही मोजकं."

रविवारी तिघं एसटीनं सावनेरला गेली. शालिकराम, जयवंता आणि जयवंतेचा धाकटा भाऊ गिरिधर. गिरिधर पिठाच्या गिरण्या दुरुस्त करी आणि जगातलं प्रत्येक यंत्र हे मुळात पिठाची गिरणीच असते, फक्त काही यंत्रांना ते माहीत नसतं, असं त्याचं मत होतं. जयवंतेनं जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं, कारण शालिकराम म्हणाला, पाहायला जाताना घरची बाई पाहिजे. बाबारावांच्या घरी पोहे झाले, चहा झाला, घराण्याची चौकशी झाली. मग सगळे गोठ्यात गेले. इंजिन गोधडीखाली होतं. बाबारावांनी गोधडी जपून बाजूला केली. हिरवं, बुटकं, एका बाजूला केवढं तरी लोखंडी चाक. ते असं बसलं होतं की त्याला आपल्याबद्दल काय बोलणं चाललं आहे हे कळत असावं.

"चालते का?" जयवंतेनं विचारलं.

बाबारावांना ते लागलं. "वहिनी, याच्यावर मी बाग जगवली. तुमी चालते का म्हणून राह्यल्या." त्यांनी चाकाला दोरी गुंडाळली, एक खटका उचलून धरला आणि दोरी ओढली. इंजिन डुगडुगू लागलं. गोठ्यातली म्हैस उठून बाहेर गेली. शालिकरामचं तोंड हलत होतं पण शब्द ऐकू येत नव्हते, आणि लग्न झाल्यापासून हे जयवंता पहिल्यांदाच पाहत होती. तिला स्थळ पसंत पडलं.

मग माप घेणं झालं. शालिकरामच्या काखेत वडिलांचा लोखंडी गज होता. सगळा बाजार मीटरवर आला तरी तो गज सोडायला तयार नव्हता. आता या गजाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. रुपरावांच्या काळापासून बोरकुट्यांच्या हाताला एक वळण होतं. गिऱ्हाइकाला कापड मोजून देताना गज संपला की पुढे अंगठा ठेवायचा आणि त्या अंगठ्यापासून पुढचा गज धरायचा. अंगठ्याखालचं कापड गिऱ्हाइकाला फुकट. आणि स्वतः घेताना, समोरच्यानं तो अंगठा दिलेलाच असणार असं धरून मोजायचं. अंगठ्याखालचं हिशेबात घ्यायचं नाही. देताना हात सैल, घेताना आखडता. ही लबाडी नव्हती. त्याला ते माहीतही नव्हतं. डोळ्याची पापणी लवते तसा तो अंगठा लवत असे.

घरून निघण्यापूर्वी त्यानं मॉरिसचं पोट, जुनं इंजिन काढून, याच गजानं मोजलं होतं. सावनेरला त्यानं इंजिन मोजलं. दोन्ही आकडे त्यानं मोठ्यानं म्हटले आणि गिरिधरनं ते पाठ केले.

"मावते," गिरिधर म्हणाला. "वर जागा उरते. पाहिजे तं शेजारी जातंही बसवता येईन."

बाबारावांनी मोबदल्यात लग्नाचं कापड घेतलं. शालिकरामकडे दलालीपोटी आलेले धोतरजोडे, लुगडी, नमुन्यादाखल राहिलेले ताके. ते शालिकरामनंच मोजून दिले, अर्थातच अंगठ्यासकट. "तुमच्या गजात माणुसकी आहे," बाबाराव म्हणाले. शालिकराम परत येताना पूर्ण रस्ता माणुसकीवर बोलला.

इंजिन कोळशाच्या ट्रकवर बसून आलं, म्हणून ते आलं तेव्हा काळं होतं. जयवंतेनं फाटकातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. ओट्यावरून गोपाळराव पाहत होते. "मॉरिसले विचारा," ते म्हणाले, "हे काय होय."

"मॉरिसबाई, सांग त्यायले," जयवंता म्हणाली, "घरधनी होय म्हणा."

साखळीनं, लाकडी बल्ल्यांनी आणि मोहल्ल्यातल्या रिकाम्या माणसांच्या मदतीनं इंजिन गाडीच्या पोटावर लटकवलं. खाली सोडलं. अर्ध्यात अडकलं. पुन्हा वर घेतलं, पुन्हा सोडलं. पुन्हा तिथंच. मॉरिसचं पोट पुढे रुंद होतं आणि मागे, जिथं गिअरची पेटी असते तिथं, निमुळतं. त्या निमुळत्या जागी इंजिनाचं मोठं चाक जायला तयार नव्हतं.

"भाऊजी," गिरिधर घाम पुसत म्हणाला, "माप कोणं घेतलं होतं?"

"म्या घेतलं. माह्या बापाच्या गजानं. या गजानं अर्ध्या विदर्भाचे कपडे शिवले."

"मंग विदर्भाचे कपडे कसे बसतात?"

"सैल बसतात. पण बसतात नं."

जयवंतेनं गज उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "पुन्हा मोजा," ती म्हणाली, "मी पाहतो." नागपुरी बायका कधीकधी असं पुरुषासारखं बोलतात, रागात असल्या म्हणजे. शालिकरामनं मॉरिसच्या पोटात गज धरला. गज संपला. त्याचा अंगठा आपोआप पुढे आला, जिथं पोट संपतं त्या लोखंडावर बसला, आणि त्यानं तोही जागेत धरला. जयवंतेनं तो अंगठा जागच्या जागी धरून ठेवला.

"हे काय होय?"

शालिकरामनं अंगठ्याकडे असं पाहिलं, जणू दुसराच कोणी तो तिथं विसरून गेला आहे. 

"तुमी मॉरिसले गिऱ्हाईक समजले," जयवंता म्हणाली. "नसलेली जागा तिले फुकट देऊन आले. आणि बाबारावचं इंजिन घेताना अंगठाभर गिळून आले. एक दिलेला, एक गिळलेला. तेवढंच अडून राह्यलं."

मोहल्ल्यातली माणसं हसली. ओट्यावरून पानाची पिचकारी आली. शालिकराम गप्प होता. जयवंतेनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला तो जुना आठवडा दिसला, मिठाच्या भाजीसकट. बाबारावांना इंजिन परत करता येत नव्हतं. कापड शिंप्याच्या कात्रीखाली गेलं होतं.

"गिरधर," ती घाईनं म्हणाली, "काहीतरी कर रे बावा. तोंड फिरव त्याचं. कायतरी कर."

तिनं ते असंच म्हटलं होतं. पण गिरिधरनं इंजिनाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तू म्हणते ते खरं आहे. उलटं बसवू."

कारण इंजिनाचं मोठं चाक एकाच टोकाला होतं. दुसऱ्या टोकाला नुसता दांडा बाहेर आलेला. इंजिन फिरवून बसवलं तर चाक पुढे रुंद जागी येत होतं आणि दांडा मागे निमुळत्या जागी जात होता. तसंच केलं. इंजिन खाली उतरलं आणि असं बसलं, जणू कधीपासूनचं तिथंच राहतं आहे. शालिकरामला एकदम वाचा फुटली. जावयानं घरात कोणत्या खोलीत बसावं, कोणत्या भिंतीला टेकावं, यावर तो अंधार पडेपर्यंत बोलला आणि जयवंता भाकरी थापत ते ऐकत राहिली, पाऊस ऐकावा तसं.

पुढचं सगळं काम जागेच्या आणि पैशाच्या हिशेबानं झालं. क्लच ठेवायला जागा उरली नाही, म्हणून तो काढून बाजूला ठेवला. "चालता चालता थांबायचंच कायले?" गिरिधर म्हणाला. इंजिनाला थंड ठेवायला पाणी पाहिजे होतं, म्हणून टपावर पाण्याचा ड्रम बांधला आणि त्यातून रबरी नळी खाली सोडली. चाक पुढे आलं, म्हणून गाडीच्या तोंडाची जाळी काढली. आता तिथून दोरी ओढायची. बंद करायचा खटकाही त्याच बाजूला आला, म्हणजे गाडी बंद करायची तर गाडीच्या पुढे उभं राहून तिच्या तोंडात हात घालायचा.

"गिरधर," जयवंतेनं एकदा विचारलं, "तोंड फिरवलं तं फिरणंही उलटं होईन नं रे?"

"गिरणीत होते असं कधीकधी," गिरिधर म्हणाला. "पट्ट्याले एक पीळ द्यायचा, झालं. सुलटं."

त्याचं खरं होतं. गिरणीचा पट्टा पिळला की जातं उलटं फिरतं. फक्त मॉरिसमध्ये पट्टा नव्हता. हे त्या अंगणात कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि गोपाळरावांच्या लक्षात आलं असलं तरी त्यांना कोणी पुकारा करून बोलावलं नव्हतं.

पोळ्याचा दिवस आला. घरापुढच्या मैदानात दोन खांब रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली बैल रांगेत उभे. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. तोरण तुटलं की पोळा फुटतो आणि बैल घराकडे धावतात. या वर्षी तोरण तोडायचा मान गोपाळरावांना होता. ते फेटा बांधून, हातात रंगवलेली काठी घेऊन, दुपारपासूनच तोरणाशी जाऊन उभे होते. माणसं झडत्या, पोळ्याची चटकदार कवनं, म्हणत होती. एकानं बैलावर म्हणावी, दुसऱ्यानं सरकारवर, तिसऱ्यानं दुसऱ्याच्या सासऱ्यावर.

अंगणात मॉरिसच्या टोपणावर हळद-कुंकू लावलेलं होतं. कोंबड्या काढल्या होत्या. एक निघाली नाही. शालिकराम पांढरी टोपी घालून आत बसला. फाटक सताड उघडं.

"पहिला गिअर मागचा टाका," गिरिधर समोरून, भिंत आणि गाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून, म्हणाला. "गाडी मागं जाईन. फाटकाबाहेर गेली का झालं."

"मागचाच टाकून राह्यलो," शालिकराम म्हणाला. "मले शिकवून नको राहू. मी हे गाडी तू चड्डीत होता तेव्हापासून..."

पुढचं ऐकू आलं नाही, कारण गिरिधरनं दोरी ओढली होती. इंजिन डुगडुगलं. ड्रममधलं पाणी नाचलं. शालिकरामनं मागे जायचा गिअर टाकला, दात खाल्ल्यासारखा आवाज आला, आणि मॉरिस पुढे आली. भिंतीला टेकली. गिरिधर भिंतीवर चढला.

"मागचा टाका म्हटलं नं," तो वरून ओरडला.

"मागचाच आहे," असं शालिकरामचं तोंड म्हणालं.

मॉरिस भिंत रेटत होती. भिंत रुपरावांच्या वेळची होती, ती हलली नाही, पण तिनं वरचा चुना गाडीच्या टोपणावर सांडला. जयवंता ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. एकदम तिला ते कळलं. गिरणी कळली, पीळ कळला, कधीही नसलेला पट्टा कळला. ती पदर खोचून धावली आणि खिडकीत तोंड घालून ओरडली.

"अवो, पुढचा टाका. पुढचा. हे उलट्या घरातलं आहे, याले सुलटं सांगू नका."

शालिकरामनं बायकोकडे पाहिलं. लग्नानंतर त्यानं तिचं प्रत्येक म्हणणं ऐकण्याआधी त्यावर काही बोलून घेतलं होतं. या वेळी इंजिनामुळे ते शक्य नव्हतं. त्यानं पुढे जायचा गिअर टाकला, आणि मॉरिस डुगडुगत, ठेचाळत, भिंतीपासून सुटून मागे निघाली.

फाटकापर्यंत जयवंता तिच्या बाजूनं चालत गेली. मागचं चाक उंबऱ्यावर चढलं, उतरलं, पुढचं चढलं, उतरलं. गाडी बाहेर होती. कोणी धक्का मारला नव्हता. पोळा फुटला नव्हता. प्रयागबाईनं आपल्या दारातून हात जोडले.

आणि गाडी थांबली नाही.

ब्रेक होता, पण तो गाडीला अडवण्यापेक्षा विनंती करणारा होता. बंद करायचा खटका गाडीच्या तोंडात होता, आणि तोंड आता दूर चाललं होतं. गिरिधर भिंतीवरून उतरून त्या तोंडामागे धावत होता, हात पुढे करून, जाळीच्या भोकात घालायला. गाडी त्याच्याकडे पाहत पाहत मागे सरकत होती, नव्या नवरीसारखी. मैदान आलं. बैलांनी वळून पाहिलं. बाप्ये बाजूला झाले. मागच्या काचेत त्या न निघालेल्या कोंबडीचं तोंड दिसत होतं, आणि गाडी तीच चालवते आहे असं वाटत होतं. मॉरिस बैलांच्या रांगेत, जिथं एक जागा मोकळी होती, तिथून आरपार गेली. टपावरचा ड्रम तोरणाच्या दोरीला अडकला. दोरी ताणली गेली आणि गोपाळरावांच्या डोळ्यांदेखत, त्यांची काठी वर उचललेली असताना, तोरण तुटलं.

पोळा फुटला. बैल चहूकडे धावले. त्या गडबडीत कोणीतरी, कोण ते पुढे कोणीच कबूल झालं नाही, जागच्या जागी झडती जोडून म्हणाला:

"काळी गाडी, पोटात डिझल,
हाकणारा पाहे पुढं,
गाडी जाय मागं मागं,
तोरण तोडून गेली वं कोंबडी."

आणि सगळ्यांनी हर हर महादेव केलं. तेवढ्यात डिझेल संपलं. बजेटमध्ये तेवढंच बसलं होतं.

मोहल्ल्यानं गाडी ढकलत आणली आणि फाटकाबाहेर उभी केली, तोंड घराकडे. इतक्या वर्षांत तिनं घर पहिल्यांदाच पाहिलं असेल. बैल घरी आले की त्यांचे पाय धुऊन ओवाळायचं असतं, म्हणून जयवंता तांब्या आणि ताट घेऊन बाहेर आली. पण मॉरिसचे पुढचे पाय कोणते, हे तिला ठरवता येईना. तिनं चारही चाकं धुतली आणि ताट पुढूनही ओवाळलं, मागूनही.

दिवेलागणीला गोपाळराव ओट्यावर बसले होते. फेटा उतरलेला, काठी भिंतीशी. सगळे अंगणात जमले.

"निघाली, भाऊ," शालिकराम म्हणाला. त्याचा आवाज त्याच्या नेहमीच्या आवाजापेक्षा लहान होता. "धक्का नाही, बैल नाही."

"पोळा फुटायच्या आत निघाली," गिरिधर म्हणाला. "पोळा तं तिनंच फोडला."

गोपाळरावांनी पान तोंडात ठेवलं. ते घाई करीत नव्हते. "कोर्टात मी जन्मभर माणसं आत येताना पाह्यली आणि बाहेर जाताना पाह्यली," ते म्हणाले. "जो निघते तो तोंड पुढं करून निघते. खुनी असो का सावकार. हे गाडी ढुंगण पुढं करून गेली. याले निघणं म्हणत नाहीत, याले सांडणं म्हणतात. ढुंगण पुढं करून कोणी निघालेला मी पाह्यला नाही. उद्या भंगारवाला येईन."

सगळ्यांनी शालिकरामकडे पाहिलं. जयवंतेनं पाहिलं, त्याचं तोंड उघडलं. त्यात काय काय होतं ते तिला दिसत होतं: साहेब, खाण, वडील, कोसा आणि रेशीम, बाबारावांची बाग, घरजावयाचा मान, रात्रभर पुरेल एवढं सगळं. मग ते तोंड मिटलं.

ती मॉरिसकडे वळली, भासऱ्यांना काहीतरी सांगायला. पण मॉरिस आता फाटकाबाहेर होती, आणि एवढ्या लांबून तिला काय सांगणार. तिच्या मनात आलं, उद्या मारबत निघेल, गाडी जाईल, आणि या घरात पुन्हा घास उतरताना ऐकू येतील.

शालिकराम उठला. त्यानं टोपी सारखी केली. चपला पायात सरकवल्या. फाटकाकडे पाठ केली, भावाकडे तोंड केलं, आणि एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. जयवंतेला आधी वाटलं की त्याला चक्कर येते आहे. पण तो सावकाश आणि नीट चालत होता, भावाच्या डोळ्यांवरून नजर न काढता, मागे, मागे, तुळशीजवळून, जिथं गाडी उभी होती त्या तेलकट काळ्या डागावरून, उशिरा परतलेल्या कोंबडीला वाट देत. गोपाळरावांचं पान तोंडातच थांबलं. शालिकरामची टाच उंबऱ्याला लागली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पाय उचलला, उंबऱ्यापलीकडे ठेवला, मग दुसरा उचलला, आणि तसाच, भावाकडे तोंड करून, एक शब्दही न बोलता फाटकाबाहेर निघाला.